परळच्या फुटपाथवरचा नाताळ

24 डिसेंबरच्या रात्री परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर सहसा कोणी उपाशी झोपत नाही. संध्याकाळपासून गाड्या येत राहतात. कोणी बिर्याणीची पाकिटं आणतं, कोणी केक, कोणी ब्लँकेटं. लाल टोप्या घातलेली कॉलेजची मुलं येतात, कंपन्यांतली माणसं येतात, चर्चचे गट येतात. सगळे मनापासून येतात. पण एकाच कुटुंबाच्या पदरात तीन-तीन ब्लँकेटं पडतात, उरलेली बिर्याणी सकाळपर्यंत आंबून जाते आणि 2 जानेवारीला तिकडे कुणी फिरकत नाही. रुग्ण मात्र 2 जानेवारीलाही तिथेच असतात.

आम्ही वसईचे. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांत, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचा छोटा गट आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ही संस्था सुरू केली. गरजू माणसाच्या घरी दोघादोघांनी जायचं, बसायचं, त्याचं ऐकायचं, ही तिची पहिल्यापासूनची रीत. एरवी आमचं काम गावातच असतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, कुणाच्या औषधांची बिलं, पाड्यांवरच्या मुलांची वह्या-पुस्तकं. परळचा विषय मी काढला, कारण माझ्या नणंदेचे उपचार टाटात चालू होते आणि तिच्याबरोबर ये-जा करताना तो फुटपाथ मी रोज बघत होते. आम्हाला संध्याकाळी विरार लोकल पकडून घरी येता यायचं. त्या माणसांना ते शक्य नव्हतं.

लोक विचारतात, हॉस्पिटलात दाखल असलेल्यांचे नातेवाईक बाहेर झोपतात का? तसे थोडे असतात. बरेचसे रुग्ण स्वतःच बाहेर असतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन लागतं ते सोमवार ते शुक्रवार रोज, सहा-सात आठवडे. एका वेळी काम काही मिनिटांचं. तेवढ्यासाठी खाट मिळत नाही आणि मिळायचं कारणही नाही, खाटा त्याहून गंभीर रुग्णांना पुरत नाहीत. म्हणजे रोज दहा मिनिटं आत आणि उरलेला दिवस बाहेर. बीडहून, नंदुरबारहून, बिहार-बंगाल-आसामहून आलेला माणूस तेवढ्यासाठी रोज गावी जाऊन येऊ शकत नाही. आसपासच्या खोलीचं भाडं दिवसाला शेकड्यांत मोजावं लागतं. दीड महिन्याचा हिशेब केला की ज्याची जमीन आधीच गहाण पडलेली आहे तो फुटपाथवर ताडपत्री अंथरतो. हे कारण आमच्या गटाला नीट समजावं म्हणून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधीच्या सभेत मी ते फळ्यावर लिहून दाखवलं. तोवर आमच्यातल्या काहींना वाटत होतं, ही माणसं भीक मागायला मुंबईत राहिलीत.

सभेत ठरलं ते एवढंच: या नाताळात आधी विचारायचं, मग आणायचं. आणि 24 तारखेच्या गर्दीत भर घालायची नाही, 27 तारखेपासून पुढे जायचं.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही रिकाम्या हाताने गेलो. हे वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. पिशवी हातात नसली की बोलायला सुरुवात कशी करायची तेच सुचत नाही. हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. टाटात नाव कमावलेले मूळ गोव्याचे सर्जन. त्या पाटीखाली आम्ही घुटमळत उभ्या असताना फुलांचे गजरे ओवत बसलेल्या एका मावशींनी हाक मारली.

"वाटायला आलाय का विचारायला?"

"विचारायला आलोय, मावशी."

"मग बसा की. उभ्या उभ्या काय विचारता?"

मावशी तिथल्याच. 1972 च्या दुष्काळात जालन्याकडून आई-बापांबरोबर आल्या, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून याच भागातल्या फुटपाथांवर त्यांचं आयुष्य गेलं, लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. सकाळी दोन घरची भांडी, दुपारनंतर गजरे. कोण नवीन आलंय, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाच्या पोरीला रात्रीपासून ताप आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. पुढचे सगळे रविवार आम्ही त्यांच्यापाशी बसूनच सुरुवात केली. त्या नसत्या तर आमची वही भरली नसती.

त्या वहीत जे लिहून निघालं त्याने आमचा खरेदीचा बेत पार बदलला. आम्ही घाऊक बाजारात ब्लँकेटांचे भाव काढून ठेवले होते. मुंबईत डिसेंबरमध्ये पहाटे सतरा-अठरा अंशांपर्यंत उतरतं, एक चादर पुरते. ब्लँकेट फारच थोड्यांनी मागितलं. सगळ्यात जास्त मागणी होती मच्छरदाणीची. केमो चालू असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. त्यात मलेरिया किंवा डेंग्यू झाला तर उपचार थांबतात, कधी जिवावर बेततं. मग जाड ताडपत्री. त्यानंतर बादली आणि पाण्याचा मग. सामान खांबाला बांधून ठेवायला साखळी आणि कुलूप. मोबाइल चार्ज करायची सोय, कारण हॉस्पिटलचा निरोप मोबाइलवरच येतो. आणि प्लास्टिकची चेन असलेली मोठी पिशवी, फाइलीसाठी. फुटपाथ कधीही मोकळा करावा लागतो, सामान उचललं जातं, रात्री पाऊस नसला तरी कुणी पाणी मारतं. कपडे गेले तर चालतात, फाइल गेली तर सगळे रिपोर्ट पुन्हा गोळा करत फिरावं लागतं. त्यामुळे फाइल उशाखाली घेऊन झोपतात. आम्ही नंतर दिलेल्या त्या पिशव्यांना खांद्यावर अडकवायचा पट्टा होता, त्याचं बायकांना फार बरं वाटलं.

बायका आणखी एक गोष्ट बोलल्या, पुरुष माणसं जवळ नसताना. सार्वजनिक शौचालयाला दर वेळी पैसे पडतात आणि रात्री तिथवर जायची भीती वाटते. म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणी पीत नाहीत. ज्यांची केमो चालू आहे त्यांना डॉक्टर सांगतात भरपूर पाणी प्या. यवतमाळची एक ताई, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली, "डॉक्टरांना काय सांगू? पानी पिलं की जावं लागते ना." या एका वाक्यासाठी तरी प्रत्येकाने वाटायला जाण्याआधी विचारायला जावं असं मला वाटतं. आम्ही शौचालय सांभाळणाऱ्या भाऊंशी बोललो, महिन्याचे पैसे आगाऊ भरले, आणि शिक्का मारलेली कार्डं छापून घेतली. कार्ड दाखवलं की पैसे नाहीत, आंघोळीचंही त्यातच. भाऊंनी स्वतःहून रात्रीचा दिवा बाहेरच्या बाजूला लावून दिला. आमच्या सगळ्या खर्चात सत्कारणी लागलेला पैसा कोणता असं विचारलं तर मी हा सांगेन.

आता अन्नाचं. त्यावर जरा थांबून सांगते, कारण सगळे अन्नच देतात.

बीड जिल्ह्यातलं एक जोडपं होतं. ऊसतोडीला जाणारी माणसं. डिसेंबर म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. पण काकांच्या गालाला गाठ आली, ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू होतं. "औंदा आमचा कोयता बसूनच हाय," काकू म्हणाल्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, ती उपचारात गेली, आता पुढच्या हंगामात दोघांनी मिळून फेडायची. काकांना गिळता येत नव्हतं, नाकातून पोटात नळी घातलेली होती. आम्ही बसलो असतानाच त्यांच्या जेवणाची वेळ झाली. काकूंनी नाचणीची पेज चहाच्या टपरीवरून गरम करून आणली, त्याचे टपरीवाला दहा रुपये घेतो. जुन्या सुती साडीच्या फडक्यातून ती एकदा गाळली, पुन्हा एकदा गाळली. गुठळी राहिली तर नळी तुंबते. 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवला, सिरिंज नळीला जोडून काकांच्या कपाळाच्या उंचीला धरली आणि वाटीने पेज सोडायला सुरुवात केली. जोर द्यायचा नाही, आपोआप उतरू द्यायचं. वाटी संपायला बराच वेळ लागला. काकूंचा हात एकदाही खाली आला नाही. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुतली आणि काकांना म्हणाल्या, "आता अर्धा घंटा आडवं व्हायचं न्हाई." काकांनी मान हलवली. त्यांच्या शेजारी कुणीतरी देऊन गेलेली बिर्याणीची दोन पाकिटं होती. काकांना तिचा वास येत होता, ते तोंड फिरवून बसले होते.

टाटाबाहेरच्या रुग्णांत तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे लोक खूप. तंबाखू, गुटखा, मिश्री. त्यांना बिर्याणी, पोळी-भाजी, वडापाव यातलं काहीच उपयोगाचं नसतं. आम्ही हॉस्पिटलमधल्या एका आहारतज्ज्ञ ताईंना वेळ मागून भेटलो. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही लिहून घेतलं आणि गटातल्या प्रत्येकाला दिलं. नळीवाल्यांना पातळ, गाळलेलं आणि पोषण असलेलं: मुगाच्या डाळीचं पाणी, नाचणीची पेज, दूध, घोटलेला मऊ भात पातळ करून. केमोवाल्यांना ताजं, नीट शिजवलेलं, गरम. कापून ठेवलेली फळं नकोत, कच्ची कोशिंबीर नको, ओली चटणी नको. जाड सालीची फळं चालतात, केळी, संत्री, मोसंबी, पण सोलायची त्यांनी स्वतः, हात धुऊन. शंका असेल तर त्या रुग्णाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. "लोक प्रेमाने फ्रूट सॅलड आणतात आणि आमचा पेशंट आठवड्याने तापाने परत येतो," ताई म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज चढला होता.

वसईहून शिजवलेलं अन्न लोकलने आणायचं म्हणजे ते ताजं राहणार नाही. म्हणून दादरला आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे शब्द टाकला. घरात नवरा-बायको दोघंच, दोघंही निवृत्त. त्यांनी स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. भांडी आम्ही नेली, तांदूळ-डाळ-नाचणी आम्ही भरली, गॅसचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. 27 डिसेंबरपासून रोज दोन वेळा किटल्या भरून निघायच्या. एका किटलीवर लाल दोरा, ती नळीवाल्यांची, दोनदा गाळलेली. दुसरी साधी. सोबत स्टीलचे पेले, प्रत्येक कुटुंबाचा पेला त्याच्याकडेच राहायचा. रांग लावायची नाही हेही आधीच ठरलेलं होतं. आजारी माणसाने आपल्यासाठी रांगेत उभं राहावं, हे मला कधीच पटलेलं नाही. दोघंदोघं जायचो, प्रत्येकापाशी खाली बसायचो, पेज ओतायचो, आज रेडिएशन झालं का विचारायचो.

फोटो काढायचे नाहीत हा नियम तरुणांना सुरुवातीला जड गेला. दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांना दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. तो हिशेब आम्ही पावत्यांसकट चर्चच्या फलकावर लावला. पण ज्या माणसाचा अर्धा जबडा काढलेला आहे, ज्या बाईने केस गेले म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे, तिच्यासमोर मोबाइल धरायचा नाही. याच मुलांनी पुढे सगळ्यात जास्त काम केलं.

पैसा कसा उभा राहिला तेही सांगते. आगमनकाळाच्या चार रविवारी मुलांनी डबे फिरवले. काही घरांनी त्या नाताळातले नवे कपडे घेतले नाहीत आणि ते पैसे दिले. जुने कपडे मात्र आम्ही घेणार नाही म्हणून सांगितलं. त्यावरून थोडी नाराजी झाली, एक काका दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत. पण फुटपाथवर कपड्यांचा ढीग ठेवायला जागा नसते, धुवायला पाणी नसतं, आणि नको असलेला ढीग शेवटी तिथल्याच माणसांना उचलून टाकावा लागतो.

20 डिसेंबरला आम्ही दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत गेलो. तारीख मुद्दाम निवडली होती. 1956 साली त्याच दिवशी गाडगेबाबा गेले. स्वतःसाठी झोपडीही न बांधलेल्या त्या माणसाने पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या मिशनने दादरला चालवलेली ही धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या आधार देत आली आहे. तिथल्या कार्यकर्त्यांनी आम्हाला शांतपणे सगळं समजावून सांगितलं. राहायला जागा हवी तर हॉस्पिटलची फाइल हवी, बाहेरगावचा पत्ता हवा, आणि अशा बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. जागा भरलेली असली तर यादीत नाव लावायचं आणि रोज विचारत राहायचं. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्सची केंद्रं आहेत, तिथे पालकांसह मोफत राहता येतं, तीही हॉस्पिटलमार्फतच.

फुटपाथवरच्या निम्म्या लोकांना ही चिठ्ठी असते हेच माहीत नव्हतं. काहींना माहीत होतं, पण त्या विभागाची खिडकी कुठे, काय बोलायचं, कोणत्या भाषेत बोलायचं याची भीती होती. ज्याच्या हातात फाइल आहे आणि जो दिवसभर वेगवेगळ्या रांगांत उभा असतो त्याला आणखी एक रांग नको वाटते. म्हणून आमच्यातल्या ज्यांना सवड होती त्यांनी सोमवारपासून एकेका कुटुंबाबरोबर आत जायला सुरुवात केली. नुसतं बरोबर उभं राहायचं. बोलायचं त्यांनीच, अडलं तर आपण. यादीत नावं लागली. नाताळाच्या आठवड्यात काही कुटुंबं छपराखाली गेली, काही जानेवारीत. सगळ्यांना मिळाली नाही, जागाच तेवढ्या नाहीत.

नाताळाआधीच्या रविवारी आमच्या फादरांनी प्रवचनात गाडगेबाबांची दशसूत्री वाचून दाखवली. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा. आणि लगेच मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय. मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका होतो. वेगळं काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

कागदांचं काम सगळ्यात वेळखाऊ. नंदुरबारकडचा एक मुलगा, अकरा-बारा वर्षांचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्याचे उपचार बसू शकत होते, पण घरच्या शिधापत्रिकेत त्याचं नावच चढलेलं नव्हतं. बापाला दोनदा तेच सांगून परत पाठवलेलं. त्याला वाटलं योजना नाकारली. आम्ही योजनेच्या कक्षातल्या आरोग्यमित्रांना भेटून नेमकं काय हवं ते कागदावर लिहून घेतलं. मग गावातल्या शाळेच्या गुरुजींना फोन. गुरुजी भला माणूस. जन्माचा दाखला आणि आधारची प्रत घेऊन स्वतः तहसीलच्या पुरवठा शाखेत गेले. 25 तारखेची सुट्टी, मग शनिवार-रविवार, आणि वर्ष संपता संपता नाव चढलेल्या शिधापत्रिकेचा फोटो मोबाइलवर आला. बापाने तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. शिधापत्रिका, आधार, उत्पन्नाचा दाखला, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक: मुख्यमंत्री सहायता निधीसाठी असो की ट्रस्टसाठी, फिरून फिरून हेच कागद लागतात. ते गावाहून निघतानाच बरोबर घ्यायला सांगणारं कोणी असतं तर अर्ध्या खेपा वाचल्या असत्या. रेल्वेच्या सवलतीचंही तसंच. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपरचं तिकीट मोफत मिळतं, सोबतच्या माणसालाही मोठी सूट असते, त्यासाठी हॉस्पिटलमधून भरून दिलेला फॉर्म लागतो. पूर्ण भाडं भरून आलेली कितीतरी माणसं आम्हाला भेटली.

25 डिसेंबरला ओपीडी बंद, रेडिएशन बंद. फुटपाथवर त्या दिवशी कुणाला कुठे जायचं नसतं. आम्ही सकाळची मिस्सा करून दुपारी पोहोचलो, वाटायला म्हणून नाही, सण आहे म्हणून. आहारतज्ज्ञ ताईंना विचारूनच आमच्या बायकांनी साधा रव्याचा केक त्याच पहाटे भाजला होता, वर क्रीम नाही, सुकामेवा नाही, एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेला. ज्यांना चालत होता त्यांनी खाल्ला. मुलांनी मावशींच्या गजऱ्यांच्या टोपलीला कागदी तारा बांधला. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडं आता संक्रांतीला या, तिळगूळ खायला." गेलो आम्ही संक्रांतीला.

मावशींबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्या माझ्यावर जरा चिडूनच बोलल्या. "आजाऱ्याला समदे देतात, द्यायलाच पायजे. पण आमच्याकडं बघून म्हणतात, धडधाकट हाय, काम करा. काम करतोच की आम्ही. घर काय कामानं मिळतं का इथं?" आमच्या गटातही हा प्रश्न निघाला होता. आपण रुग्णांसाठी आलोय, कायम फुटपाथवर राहणारे त्यात कशाला, असं काहींचं म्हणणं. मला ते मान्य नव्हतं. आजारी माणूस सहा आठवड्यांनी गावच्या घरी जातो, मावशींना गाव उरलेलं नाही आणि पन्नास वर्षं राबूनही मुंबईत छप्पर मिळालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेलं प्रमाण आहे, शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारं एक निवारागृह. एवढ्या प्रचंड मुंबईत त्या हिशेबाने किती हवीत आणि रस्त्यावर किती कुटुंबं दिसतात, हे कुणीही डोळे उघडे ठेवून चालावं आणि बघावं. मावशींनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. त्यांची नात दहावीला होती, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करायची, रात्री दारू पिऊन फिरणाऱ्यांचा त्रास. जवळच एक अभ्यासिका आहे. तिथे राहत्या पत्त्याचा पुरावा मागतात. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या पत्त्यावर पत्र दिलं, आम्ही वर्षाची फी भरली. परीक्षा होईपर्यंत ती रात्री दहापर्यंत तिथे बसायची आणि आमच्यातलं किंवा दादरच्या त्या कुटुंबातलं कोणीतरी तिला मावशींपर्यंत सोडून यायचं. पास झाली, अकरावीला कॉमर्सला आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला तीन राजांचा सण झाला तेव्हा आमचं ठरलेलं काम संपायला हवं होतं. दादरच्या काकूंनीच सांगितलं की त्यांना किटल्या बंद करवत नाहीत. रोज जमणार नव्हतं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी पेज जाते, बाकीचे दिवस परळच्या एका चाळीतल्या महिला मंडळाने वाटून घेतलेत. शौचालयाची कार्डं चालू आहेत. यंदा नाताळात ज्यांना आमच्याबरोबर यायचंय त्यांना मी आधीच सांगते आहे: नवीन मच्छरदाण्या, 50 मिलीच्या सिरिंजा, मोठ्यांचे डायपर, चेनवाल्या पिशव्या आणि तुमचे कामाच्या दिवसातले दोन-तीन तास, कागदांच्या रांगेत उभं राहायला. मराठीबरोबर बंगाली किंवा असमिया येणारं कोणी असेल तर फारच हवंय.

बीडचे काका जानेवारीच्या मध्याला रेडिएशन संपवून गावी गेले, सवलतीच्या तिकिटावर. फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. नळी बदलायची वेळ झाली होती आणि त्या पुन्हा मुंबईला यायच्या तयारीत होत्या. मी टाटातल्या समाजसेवा विभागात विचारून त्यांना सांगितलं की एवढ्यासाठी इतक्या लांब यायला नको, बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, फाइल घेऊन तिथे जा. त्या बार्शीला गेल्या, एसटीने, आणि त्याच संध्याकाळी घरी परतल्या. नळी पुढे एप्रिलमध्ये निघाली. काका आता मऊ भात खातात, वरण कालवून. उचल अजून फिटायची आहे.